सोडियम बेंझोएट : औषधशाळेतील वापर आणि घ्यावयाची दक्षता

आसव-अरिष्टांचे रक्षण संधानातून निर्माण होणारे मद्यच करते. अवलेहात ते काम शर्करा करते आणि सिद्ध घृत-तैलात जलांश उरलेला नसल्याने तेथे प्रश्नच उद्भवत नाही. प्रवाही क्वाथ व सिरप यांची गोष्ट मात्र निराळी आहे. क्वाथ ही मूळची ताजी करून त्याच दिवशी सेवन करण्याची कल्पना. ती बाटलीत भरून महिनोन्महिने फळीवर ठेवायची, तर बुरशी व जीवाणू यांना रोखणारे काहीतरी तीत घालावे लागते. अनेक लहान-मोठ्या औषधशाळांत हे ‘काहीतरी’ म्हणजे सोडियम बेंझोएट होय. लोणची, सरबते यांतही ही पांढरी पूड चालत असल्याने तिच्याविषयी आपल्याकडे एक प्रकारचा निर्धास्तपणा आढळतो. भस्माचा एक गुंज इकडचा तिकडे होऊ न देणारे आपण गोणीतली पूड मात्र ओंजळीने घालू देतो.

या द्रव्याचे मूळ आपल्याला अगदीच अपरिचित नाही. बेंझॉइक आम्ल प्रथम मिळाले ते लोबानाच्या निर्यासापासून, आणि त्याच्या पाश्चात्त्य नावाचा उगमही ‘लुबान जावी’ म्हणजे जावा बेटाकडील लोबान या अरबी शब्दांत आहे. आज मात्र ते टोल्यूइन या खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण करून तयार होते व पुढे त्याचा सोडियम क्षार बनवितात. क्षार बनविण्याचे कारण विद्राव्यता. सामान्य तापमानास १०० मि.लि. पाण्यात बेंझॉइक आम्ल जेमतेम ०.३४ ग्रॅम विरघळते. सोडियम बेंझोएट ६० ग्रॅमच्या आसपास.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील बहुतेक चुका तिच्यातूनच होतात. सूक्ष्मजीवांना मारक ठरते ते सोडियम बेंझोएट नव्हे, तर आम्लधर्मी द्रवात त्यापासून मोकळे होणारे बेंझॉइक आम्ल. ते किती मोकळे होईल, हे द्रवाच्या सामूवर म्हणजे पीएचवर ठरते. सामू ४.२ असता घातलेल्या द्रव्यापैकी निम्मे क्रियाशील असते. सामू ३.२ असता सुमारे नव्वद टक्के, ५.२ असता सुमारे नऊ टक्के, आणि ६ असता अवघे दीड टक्का. म्हणजे ज्या मात्रेत लिंबाचे सरबत उत्तम टिकेल, त्याच मात्रेत सामू ५.५ असलेला क्वाथ महिन्या-दोन महिन्यांत बुरशी धरू शकतो. अशा वेळी कारखान्यात काय घडते? बाटल्या परत येतात, कारागीर म्हणतो ‘बेंझोएट कमी पडले’, आणि पुढच्या घाण्यात ते दुप्पट पडते. बुरशी पुन्हा येतेच, कारण दुपटीने तो प्रश्न सुटणारा नसतो. रुग्णाच्या पोटात मात्र दुप्पट परिरक्षक जाते. सामू मोजण्याचे साधे उपकरण आज लहान औषधशाळेलाही परवडते. ते नसेल तर निदान सामूदर्शक कागद हवा. सामू सायट्रिक आम्लाने ४.५ च्या खाली आणणे कल्पाला मानवत असेल तर तसे करावे. मानवत नसेल तर सोडियम बेंझोएटचा आग्रह सोडून पॅराबेनसारखे दुसरे अनुमत परिरक्षक निवडावे.

मात्रेचा हिशेब एकदा मांडून पाहू. मुखावाटे द्यावयाच्या द्रव औषधांत हे द्रव्य साधारणतः ०.०२ ते ०.५ टक्के या मर्यादेत वापरले जाते. ०.२ टक्के धरल्यास १०० लिटर क्वाथास २०० ग्रॅम. दहा किलो वजनाच्या बालकास ५ मि.लि. दिवसातून तीन वेळा दिले, तर त्याच्या पोटात ३० मि.ग्रॅ. सोडियम बेंझोएट, म्हणजे सुमारे २५ मि.ग्रॅ. बेंझॉइक आम्ल जाते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने पूर्वी दर किलो वजनास दररोज ५ मि.ग्रॅ. ही मर्यादा ठरविली होती. २०२१ मध्ये ती २० पर्यंत वाढविली. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २०१६ च्या फेरतपासणीत ५ हाच आकडा कायम ठेवला. या कडक मर्यादेने बालकाचा दैनिक वाटा ५० मि.ग्रॅ. येतो, त्यातला अर्धा एकट्या औषधाने भरला. ओंजळीच्या मापाने मात्रा दुप्पट झाली की तो पुरता भरतो, आणि घरातला जॅम, सॉस व शीतपेये तर अजून हिशेबात धरलेलीच नाहीत. नवा, सैल आकडा स्वीकारला तरी बालकांच्या कल्पांत मी जुनाच आकडा समोर ठेवावा या मताचा आहे.

प्रौढ शरीर हे द्रव्य सहज बाहेर टाकते. यकृतात त्याचा ग्लायसीनशी संयोग होतो आणि हिप्प्युरिक आम्ल बनून ते मूत्रावाटे निघून जाते. युरिया चक्रातील जन्मजात विकारांत, रक्तातील अमोनिया उतरविण्यासाठी, याच गुणामुळे आधुनिक वैद्यक सोडियम बेंझोएट औषध म्हणूनही मोठ्या मात्रेत वापरते. नवजात अर्भकात ही यंत्रणा अपक्व असते. शिवाय बेंझोएट रक्तातील अल्ब्युमिनवरून बिलिरुबिनला हटवते, त्यामुळे पहिल्या चार आठवड्यांत कावीळ वाढण्याचा धोका संभवतो. दैनिक मर्यादेचे उपरोक्त आकडे १२ आठवड्यांखालील अर्भकांना लावले जात नाहीत, हेही ध्यानात असावे. तेव्हा बाळघुटीसारखा कल्प द्रवरूपात काढणाऱ्यांनी या परिरक्षकाचा विचारच करू नये.

आवळा व लिंबू यांच्या सिरपबाबत वेगळी दक्षता हवी. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकत्र असून त्यांना तांबे वा लोह यांच्या लेशमात्र अंशाची, उष्णतेची व प्रकाशाची जोड मिळाली, तर अल्प प्रमाणात बेन्झीन तयार होते. बेन्झीन हे मानवात रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणारे म्हणून सिद्ध झालेले द्रव्य आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील काही शीतपेयांत हा प्रकार प्रथम लक्षात आला, आणि २००५-०६ मध्ये पुन्हा तपासणी होऊन काही उत्पादकांना आपली पेये नव्या घटकांनी बनवावी लागली. पिण्याच्या पाण्यासाठी तेथील मर्यादा अब्जात ५ भाग, जागतिक आरोग्य संघटनेची १० भाग. साखर या क्रियेस काहीशी आवर घालते. म्हणून मधुमेहींसाठी काढलेल्या बिनसाखरेच्या आमलकी सिरपमध्ये धोका अधिक. आपल्याकडे तांब्याची, कल्हई उडालेली भांडी अजून वापरात आहेत. आम्ल रसाचे काम त्यांत करू नये हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. बेंझोएट घालावयाचे असेल तर ते अधिकच कटाक्षाने पाळावे. पोलादी भांडी, तपकिरी बाटल्या आणि उन्हापासून दूर साठवण इतके केले तरी बराच धोका टळतो. क जीवनसत्त्व वरून घालणे असेल तर बेंझोएट नकोच.

घालण्याची वेळ व क्रम यांतही चुका होतात. उकळत्या क्वाथात पूड टाकू नये. बेंझॉइक आम्ल वाफेबरोबर उडते. मात्रा घटते आणि ढवळणाऱ्यास खोकल्याची उबळ येते. क्वाथ गाळून कोमट झाल्यावर, तोललेली पूड थोड्या शुद्ध जलात पूर्ण विरघळवून, ती ढवळत ढवळत घालावी. सायट्रिक आम्ल त्यानंतर, वेगळे विरघळवून. दोन्हींची तीव्र द्रावणे एकाच बादलीत मिसळली, तर बेंझॉइक आम्लाचे पांढरे स्फटिक साक्यासारखे बसतात. मग वरच्या बाटल्यांत परिरक्षक नाममात्र आणि तळाच्या बाटल्यांत भरमसाट. फेरिक लोहक्षारांशीही बेंझोएटचा साका होतो, म्हणून लोहयुक्त द्रव कल्पांत आधी लहान नमुना करून पाहावा.

आता पुडीच्या हाताळणीविषयी. कोरडी पूड उडाली की डोळे चुरचुरतात, घसा धरतो. काहींच्या त्वचेवर संपर्काने पित्ताच्या गांधी उठतात, आणि त्या उठण्यास पूर्वीची ॲलर्जी असावी लागतेच असे नाही. तोलणाऱ्याने नाक-तोंड झाकणारा मास्क, चष्मा व हातमोजे घालावेत. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. सांडलेली पूड केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. बारीक पूड हवेत दाट पसरली असता ठिणगीने पेट घेऊ शकते, हे पीठगिरणीच्या उदाहरणावरून कोणासही पटेल. तेव्हा पल्व्हरायझर व भट्टी यांच्याजवळ गोणी उघडू नये. हे द्रव्य ओल धरते आणि खडे बांधते. घट्ट झाकणाच्या डब्यात, आम्लांपासून दूर ठेवावे.

सर्वांत मोठा धोका मात्र मला गोंधळाचा वाटतो. आपल्या भांडारात टंकण, स्फटिका, यवक्षार, खाण्याचा सोडा, सायट्रिक आम्ल या साऱ्या पांढऱ्या पुडी शेजारीशेजारी असतात. मूळ गोणीची चिठ्ठी व घाणा क्रमांक डब्यावर उतरवावा. शंका आल्यास चिमूटभर पूड पाण्यात विरघळवून त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे : बेंझोएट असेल तर पांढरा स्फटिकी साका बसतो, सोडा असेल तर फसफसतो. ही ओळखीची प्राथमिक खूण झाली. गुणवत्तेचा निवाडा प्रयोगशाळेनेच करावा. माल घेताना ‘भारतीय औषधसंहिता’ दर्जाचा व विश्लेषण-पत्रकासह घ्यावा, औद्योगिक दर्जाचा स्वस्त माल घेऊ नये. अनुमत सहायक द्रव्यांविषयी औषधे नियम, १९४५ मध्ये नियम १६९ आहे. त्याप्रमाणे परिरक्षकाचे नाव व तोललेली मात्रा प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत, तोलणाऱ्याच्या सहीसह, असावी.