चोचीचा मुखवटा, चाळीस दिवस आणि गोव्यातली मोडशी

युरोपातल्या जुन्या वैद्यकाचा विषय निघाला की पक्ष्याच्या चोचीचा मुखवटा घातलेला काळ्या झग्यातला डॉक्टर डोळ्यांसमोर येतो. चौदाव्या शतकातल्या प्लेगने युरोपातली निदान तिसरा हिस्सा माणसे नेली, त्या वेळी असे डॉक्टर गल्लोगल्ली हिंडत होते, असे आपण धरून चालतो. पण हा पोशाख त्या साथीनंतर पावणेतीनशे वर्षांनी आला. फ्रान्सचा राजवैद्य शार्ल द लॉर्म याने तो १६१९च्या सुमारास सुचवला, असे मानतात. म्हणजे प्रबोधनकाळ सरत आला तेव्हा.

पोशाखाच्या तारखेची चूक किरकोळच आहे. तिच्या आडून येणारा समज मात्र मला खटकतो. तो असा, की त्या काळच्या लोकांना साथीपुढे काहीच सुचत नव्हते. नवस, धुरी आणि जळवा यांपलीकडे त्यांची धाव नव्हती.

त्यांची उपपत्ती चुकीची होती, हे खरेच. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव असतात आणि त्यांचा तोल बिघडला की आजार होतो, असे ते मानत. (आपल्या त्रिदोषांची आठवण होईल, पण दोन्ही विचार एक नव्हेत.) म्हणून तापातल्या माणसाचे रक्त काढायचे, रेच द्यायचे. त्याने अशक्त माणूस आणखी खचे. साथ दूषित हवेने येते, ही दुसरी समजूत. प्लेगचा जंतू १८९४मध्ये हाँगकाँगला सापडला आणि पिसवांचा त्यातला हात १८९८मध्ये कराचीत उघड झाला. त्याआधी हे कुणाला ठाऊक असणार?

तरीही १३७७मध्ये रागुझा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकच्या महासभेने ठराव केला: साथीच्या मुलखातून येणाऱ्याने आधी महिनाभर मर्कान बेटावर किंवा त्सावतात गावी राहायचे, मगच शहरात पाऊल टाकायचे. त्याला भेटायला जाणाऱ्या गावकऱ्यालाही तोच महिना. पुढे महिन्याचे चाळीस दिवस झाले. इटालियनमध्ये चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात. २०२०मध्ये आपल्या घराघरांत पोहोचलेला ‘क्वारंटाइन’ शब्द तिथला. प्लेगची लक्षणे दिसायला साधारण आठवडा पुरतो, म्हणजे त्यांची मुदत गरजेपेक्षा मोठीच होती.

व्हेनिसने १४२३मध्ये एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ उभारले आणि १४६८मध्ये दुसरे बेट संशयितांसाठी ठेवले. आजारी एकीकडे आणि संशयित दुसरीकडे, हा भेद त्यांनी साडेपाचशे वर्षांपूर्वी केला! या दुसऱ्या बेटावर गलबतांतला मालही उतरे. लोकरीचे आणि कापसाचे गठ्ठे हमाल फोडत, उलथेपालथे करून वारा देत, वर सुगंधी झाडपाल्याची धुरी. धुरीमागची कल्पना चूक होती. माल आणि माणसे अडवून धरणे मात्र बरोबर होते.

‘नियम अडाणी शासनाचे, शहाणपण पंडितांचे’ असे म्हणावे, तर १५७६ साल आठवावे. व्हेनिसमध्ये माणसे मरू लागली होती. पादुआ विद्यापीठातला नामांकित प्राध्यापक जिरोलामो मर्कुरिआले आणि त्याचे सहकारी यांनी ग्रंथांच्या आधारे निर्वाळा दिला, की हा खरा प्लेग नव्हे. ते घरोघर रोगी तपासत हिंडले. प्लेग कोणता हे आरोग्यखात्याच्या लोकांना अनुभवाने कळत होते. त्यांचे ऐकले गेले नाही. साथ ओसरेपर्यंत शहरातली सुमारे ५०,००० माणसे, म्हणजे चौथा हिस्सा तरी, गेली होती.

माझ्या मते त्या काळाचा खरा झगडा इथे दिसतो. ग्रंथात लिहिलेले मोठे की डोळ्यांना दिसते ते मोठे?

१५३७मध्ये आंब्रुआज पारे हा तरुण फ्रेंच शल्यकार तुरीनच्या मोहिमेवर होता. बंदुकीची जखम विषारी असते, तीत उकळते तेल ओतावे, असे ग्रंथ सांगत होते. एके दिवशी तेल संपले. उरलेल्या जखमींना त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी ही माणसे मेलेली दिसणार, ही धास्ती. पहाटे उठून पाहतो तर लेपवाल्यांना ठणका कमी आणि झोपही लागलेली. तेलवाले तापाने फणफणलेले, जखमा सुजलेल्या. यापुढे कुणाला असे भाजायचे नाही, असे त्याने ठरवले आणि हे सगळे लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या फ्रेंचमध्ये लिहिले.

चर्चने शवविच्छेदनावर सरसकट बंदी घातली होती, हाही असाच रूढ समज. इटलीतल्या बोलोन्यात मोंदिनो या वैद्याने चौदाव्या शतकाच्या आरंभीच ते शिकवण्यासाठी केले होते. अडचण वेगळीच होती: ग्रीक वैद्य गेलेनने माकडांवरून आणि इतर जनावरांवरून लिहिलेले माणसाला लावले जात होते. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा, असे तो सांगे. १५४३मध्ये शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियस याने तो एकाच हाडाचा असल्याचे आपल्या ग्रंथात मांडले.

तिशीतच माणसे म्हातारी होत, हेही खरे नाही. बालमृत्यूंमुळे सरासरी खाली येई. मायकेलअँजेलो ८८ वर्षे जगला.

ग्रंथ मोठा की डोळे, या झगड्याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याने वैद्यकी केली, मुंबई बेटही खंडाने घेतले. १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथात त्याने इथल्या औषधींची माहिती दिली आणि स्पष्ट सांगितले, की स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध बोलायचे धाडस झाले नसते. त्यात कॉलऱ्याचे वर्णन आहे. इथले लोक त्याला म्हणत मोडशी. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले आणि फ्रेंचांनी ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण! रोग्याला इथले वैद्य मिरे-जिरे घातलेली तांदळाची पेज देत, हे ओर्ताने नोंदवले. तळपायांना डाग देत, हेही नोंदवले. डाग निरुपयोगी. पण कॉलऱ्यात माणूस अंगातले पाणी गेल्याने दगावतो आणि तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी आजही त्यावर दिली जाते.

ओर्ताचे घराणे मूळचे ज्यू. तो १५६८मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला चर्चच्या धर्मन्यायासनाने (इन्क्विझिशनने) गोव्यात जाळले आणि १५८०मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र तोवर लॅटिनमधून युरोपभर गेला होता. पणजीत चर्च चौकाजवळच्या बागेला त्याचे नाव आहे. तिकडे गेलात तर आत जाऊन घटकाभर जरूर बसा.