सातपुड्यातली एक रात्र: बचत गटानं जंगल सफारी काढायची तर

आपल्या गटांची सहल म्हटली की सप्तशृंगी, शेगाव, शिर्डी, नाहीतर मुक्ताई. देवाचं नाव घेतलं की घरूनही लवकर होकार येतो. पण 'आम्ही जंगलात तंबूत राहायला जातो' असं म्हटलं, की लगेच दोन प्रश्न येतात. तिथे आहे काय? आणि रात्री बायका एकट्या कशा राहणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज आम्ही समन्वयक त्यांचीच उत्तरं सांगणार आहोत. घरात आणि गटात बोलताना ती तुमच्याजवळ तयार असावीत.

मुक्कामाची सफारी म्हणजे काय?

नुसती सफारी म्हणजे गाडीतून जंगलात फेरी मारून परत येणं. मुक्कामाच्या सफारीत एक-दोन रात्री तंबूत राहायचं, पहाटे आणि संध्याकाळी माहितगार माणसाबरोबर जंगल पाहायचं, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी पुढच्या अभयारण्यात जायचं. त्या माहितगाराला वाटाड्या म्हणा, गाईड म्हणा. सगळी सफर त्याच्या किंवा तिच्या शब्दावर चालते.

एक गोष्ट आधीच पक्की करू. अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम २७ आणि २८ प्रमाणे आत जायला परवाना लागतो. कलम ३० प्रमाणे आत आग लावायला मनाई आहे. म्हणून 'आपली चूल मांडू, भाकरी थापू' हा विचार सोडून द्यायचा. मुक्काम वनविभागानं ठरवून दिलेल्या जागीच, आणि स्वयंपाकही तिथे परवानगी असेल तेवढाच. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली, तर पहिल्या दिवसाची सोय होतेच.

आपल्या दारची जंगलं

त्यासाठी लांब जायची गरज नाही. धुळे जिल्ह्यातच, शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य आहे. ते १९८६ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ८३ चौरस किलोमीटर. तिथून चोपड्यावरून पुढे गेलं की यावल अभयारण्य लागतं. ते १९६९ चं, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचं, थेट मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेलं. रावेर तालुक्यातलं पाल हे थंड हवेचं गाव त्याच्याच अंगाला आहे. चाळीसगावच्या बाजूला गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. पाटणादेवीला जाणाऱ्या कितीतरी जणी त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येतात.

वाघ दिसेल का, हे सगळ्या विचारतात. वाघाच्या आशेनं यावलला जाऊ नका. तिथे बिबट्या, अस्वल, तरस, सांबर, भेकर, नीलगाय असे प्राणी आहेत, पण तेही समोर येतीलच असं नाही. मग पाहायचं काय? एक उदाहरण सांगतो.

रानपिंगळा नावाचं एक लहानसं घुबड आहे. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. जगानं ते संपलं असं धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये ते जिवंत सापडलं, आणि कुठे, तर आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ! नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, म्हणजे तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी ते शोधलं. हे घुबड दिवसाही शिकार करतं, आणि नंतर ते यावलच्या जंगलातही आढळलं. सागाच्या ज्या झाडांखालून आपण सरपण आणतो, तिथे बसलेला पक्षी पाहायला दूरदेशाहून माणसं येतात. मग आपणही एकदा मान वर करून पाहायला हवं.

वाटाड्या काय दाखवतो?

चांगला वाटाड्या आधी ऐकायला शिकवतो. वानर खकारलं, चितळ ओरडलं, की जवळपास बिबट्या असू शकतो. भेकर तर कुत्र्यासारखं भुंकतं. मग तो जमीन वाचतो. बिबट्या नखं आत ओढून चालतो, म्हणून त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. तरसाच्या ठशात उमटतात. वारूळ उकरलेलं असेल, झाडाच्या सालीवर ओरखडे असतील, तर तिथे अस्वल येऊन गेलं आहे.

अस्वलाची गोष्ट नीट ऐका. त्याची नजर कमी. माणूस अचानक समोर आला की ते बिथरून अंगावर येतं. मोहाची फुलं त्याला फार आवडतात, आणि मोह वेचायला पहाटे बाया जातात त्याच वेळी तेही येतं. त्यामुळे हे ज्ञान फक्त सहलीपुरतं नाही, रोजच्या जगण्यात कामाचं आहे.

रात्रीची काळजी

• अंधार पडला की तंबूच्या आवाराबाहेर जायचं नाही. शौचालयाला जाताना दोघींनी, बॅटरी घेऊनच जायचं.

• गडद लाल, चमकदार कपडे नकोत. मळकट हिरवे, मातकट रंग बरे. अत्तर, गजरा, वाजणारी पैंजणं घरीच ठेवा. उग्र वासानं आणि धुरानं आग्या मोहोळ उठतं.

• सकाळी चप्पल-बूट झटकूनच पायात घाला, आत विंचू असू शकतो.

• पाळीच्या दिवसांत येऊ नये असं काही नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून परत आणा. जंगलात टाकू नका, पुरू नका.

• साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काहीही करू नका. तो हात-पाय हलू न देता बाईला दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. मात्र आत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून जवळचा सरकारी दवाखाना आणि गाडीची सोय निघायच्या आधी लिहून ठेवा.

घरच्यांना हे सगळं दाखवा. कुठे राहणार, कोणाबरोबर, परत कधी, हे कागदावर असलं की 'एकट्या कशा?' याचं उत्तर मिळतं. पंधरा-वीस जणी, परवाना, वाटाडी आणि ठरलेली जागा. याला एकट्या म्हणत नाहीत.

पैशांचं काय?

सहलीला गटाच्या कर्जाचा पैसा लावायचा नाही. अंतर्गत कर्जाची रक्कम वेगळी, सहलीची वर्गणी वेगळी. महिन्याला पन्नास रुपये वेगळे टाकले तर वर्षाला एकीचे ६०० रुपये होतात. बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात लिहा. मग वनक्षेत्रपालांच्या कार्यालयातून प्रवेश शुल्क, वाहन, वाटाड्या आणि मुक्कामाचे चालू दर विचारा. खासगी आयोजक असेल तर वनविभागाचा परवाना आधी पाहा, आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. उन्हाळ्यात पाणवठ्यावर प्राणी जास्त दिसतात खरे, पण आपल्याकडचं ऊन वयस्कर बायांना सोसवत नाही.

आपण तिथे पाहुण्या

आता शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हे जंगल रिकामं नाही. पावरा, तडवी, भिल्ल कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अभयारण्य झालं तेव्हा त्यांच्या सरपणावर, गुरांच्या चराईवर बंधनं आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्यांच्या कसत्या जमिनीचे आणि मोह-तेंदूसारख्या वनोपजाचे हक्क मान्य केले, तरी दाव्यांसाठी त्यांना खेटे घालावे लागतात. आपण मजेसाठी एक रात्र जातो, त्या मात्र रोज तिथेच असतात.

म्हणून ठरवतानाच आयोजकाला तीन प्रश्न विचारा. वाटाड्या त्याच गावचा आहे का? स्वयंपाक कोण करणार, आणि त्या बाईच्या हातात किती पैसे पडणार? गावातल्या बचत गटाला जेवणाचं काम देता येईल का? ताडोब्यात बायका गाईडचं काम करतात. सातपुड्यातल्या बाईला तर कोणतं झाड कधी फुलतं, कोणत्या नाल्याला कधीपर्यंत पाणी असतं, हे पाठ असतं. ते सांगण्याचा मोबदला तिला मिळाला पाहिजे. तिचा फोटो काढण्याआधी तिला विचारा, आणि तिच्या अंगणात बसलात तर तिचंही ऐका.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय काढा. कोणाला यायचं आहे, कोणाच्या घरून अडचण आहे, वर्गणी कधीपासून सुरू करायची, एवढं लिहून काढा. घरी समजावण्यासाठी कोणाला मदत हवी असेल, तर आम्ही समन्वयक तुमच्याबरोबर येऊ.