बुटका ट्रॅक्टर, उंच बादली

ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटात 1789 साली जेम्स रूझ या शिक्षा भोगलेल्या कैद्याने शेती सुरू केली ती कुदळीने, नांगर नव्हताच. आज तिथे शहर आहे. शेतीवाडी वायव्येला हॉक्सबरीच्या बाजूला सरकली. तिथे आता कुदळीऐवजी गवत कापायला, खड्डे घ्यायला, खत पसरायला लागतो तो छोटा ट्रॅक्टर. नाशिकच्या द्राक्षबागांत फिरतो त्याच बांध्याचा.

अवजारांना ताकद देतो मागचा पीटीओ, म्हणजे इंजिनावर फिरणारा शाफ्ट. ठरीव वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9. सदऱ्याची बाही अडकली तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं आवरण काढून ठेवणं हा निव्वळ आगाऊपणा.

खरी मेख पुढच्या लोडरमध्ये आहे. मातीने भरलेली बादली उंच उचलली की गुरुत्वमध्य वर आणि पुढे सरकतो. मागची चाकं हलकी होतात. उतारावर आडवं जाताना कलंडायला एखादा खळगा पुरे. म्हणून बादली जमिनीलगत ठेवायची, मागे वजन जोडायचं.

चालकामागची लोखंडी कमान ट्रॅक्टर उलटू नये म्हणून नसते. उलटल्यावर चालकापुरती जागा वाचावी, यासाठी असते. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ती 1959 मध्येच सक्तीची केली. पट्टा बांधलेला नसेल, तर माणूस नेमका त्या जागेबाहेर फेकला जातो.