चॅपल, मैदान आणि कॉटनसाहेब

इंग्लंडात विल्टशरमध्ये मार्लबरो नावाचं गाव आहे. तिथल्या मुलांच्या निवासी शाळेत नोव्हेंबर १८५१ मध्ये चक्क बंड झालं. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी मुलांचं वैर जुनंच होतं. आधी त्याच्या खोलीच्या काचा फुटल्या, मग ठरल्या वेळी आवारातून बाण उडाला आणि फटाक्यांचे धडाके सुरू झाले. काही दिवस शाळा मुलांच्याच ताब्यात असल्यासारखी होती. हेडमास्तर मॅथ्यू विल्किन्सन काही जुलमी गृहस्थ नव्हते; पण पाचशेच्या आसपास मुलं आणि हाताशी मोजके शिक्षक, यात त्यांचा निभाव लागला नाही. पुढच्या वर्षी ते पायउतार झाले.

ही शाळा १८४३ साली निघाली ती मुख्यतः पाळकांच्या मुलांसाठी. तेव्हा चॅपल, प्रार्थना, प्रवचन यांची तिथे वाण नव्हती. वाण होती पैशाची आणि माणसांची. वर्ग सुटला की मुलं कुठे जातात, काय करतात, हे बघायला कोणी नसे. मुलं सॅव्हरनेकच्या जंगलात शिरत. तिथे त्यांचं लाडकं हत्यार म्हणजे ‘स्क्वेलर’: वेताची आखूड काठी, टोकाला शिशाचा गोळा. तो फेकून खारी मारायच्या. पुढे राखीव रानात चोरटी शिकार, मग शेतकऱ्यांशी भांडणं, मग छड्या. याच मुलांत विल्यम मॉरिस होता, पुढे कवी, नक्षीकार आणि समाजवादी म्हणून नावाजलेला. एव्हबरीची शिळावर्तुळं, सिल्बरीची टेकडी पाहत तो मैलोन्मैल हिंडे. शाळेत जवळजवळ काहीच शिकवत नसत, म्हणून आपण तिथे काही शिकलो नाही, असं तो नंतर सांगे. जे पदरात पडलं ते या भटकंतीत. बंडानंतरच्या नाताळात घरच्यांनी त्याला काढून घेतलं.

विल्किन्सन यांच्या जागी १८५२ मध्ये जे आले त्यांचं नाव जॉर्ज एडवर्ड लिंच कॉटन. वय अडतीस. आपल्याकडे हे नाव सिमल्याच्या आणि बंगळुरूच्या शाळांमुळे कानावर असतं, पण माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो. निवासी शाळा म्हटलं की दोन गोष्टी जोडीनं डोळ्यांसमोर येतात, एक चॅपल आणि दुसरं मैदान. ही जोडी मुळात नव्हती. ती जमवण्यात कॉटन यांचा हात मोठा, आणि जमवली ती तत्त्वासाठी कमी, गरजेपोटी जास्त.

कॉटन मार्लबरोला आले ते रग्बीहून. रग्बी शाळेत ते १८३७ पासून थॉमस आर्नल्ड यांच्या हाताखाली सहायक शिक्षक होते. आर्नल्ड १८२८ मध्ये रग्बीचे हेडमास्तर झाले आणि १८४२ मध्ये, सत्तेचाळिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी असताना, हृदयविकारानं गेले. चौदा वर्षांत त्यांनी जे केलं त्याचा मध्यबिंदू चॅपल होतं. १८३१ मध्ये शाळेच्या धर्मोपदेशकाची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांनी स्वतःकडे घेतली. दर रविवारी दुपारी तेच प्रवचन देत. शास्त्रचर्चा कमी आणि रोख सरळ समोरच्या मुलांवर: खोटं बोलणं, दांडगाई, कळपाच्या मागे जाणं. आधी धर्म आणि नीती, मग सभ्य वागणूक, बुद्धी शेवटी, असा त्यांचा क्रम होता. खालच्या वर्गांवर वचक ठेवण्याचं काम वरच्या वर्गातल्या मुलांकडे सोपवण्याची रीत जुनीच होती. आर्नल्ड यांनी तिला नैतिक जबाबदारीचं रूप दिलं. धाकट्यांना त्यातून नीती किती मिळाली आणि मार किती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आर्नल्ड यांच्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग चरित्रांत थोडक्यात उरकलेला असतो. तो शिक्षकांचा. त्यांच्याआधी रग्बीचे सहायक शिक्षक आसपासच्या चर्चमधली कामंही धरून असत, कारण शाळेच्या पगारात भागत नसे. मुलं राहत ती गावातल्या बायका चालवत त्या खाणावळवजा घरांत. आर्नल्ड यांनी पगार वाढवले, बाहेरची कामं सोडायला लावली, आणि एकेक घर रिकामं होईल तसं ते शिक्षकाच्या ताब्यात दिलं. शिक्षकांच्या नियमित बैठका सुरू केल्या. मुलं जिथे झोपतात, जेवतात, आजारी पडतात तिथेच शिक्षकही राहायचा, ही आज जगभर रूढ असलेली ‘हाऊसमास्टर’ पद्धत अशी हळूहळू पक्की झाली. कॉटन यांच्याकडेही असं एक घर होतं.

आणि खेळ? खेळ होता, पण तो मुलांचा होता. हेडमास्तरांचा त्याच्याशी संबंध फार तर कडेला उभं राहून बघण्यापुरता. आर्नल्ड यांचे शिष्य स्टॅनली यांनी १८४४ मध्ये लिहिलेल्या जाडजूड चरित्रात खेळाला जेमतेम जागा आहे. विल्यम वेब एलिस या मुलानं १८२३ मध्ये चेंडू हातात घेऊन धाव घेतली आणि रग्बीचा खेळ जन्मला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा मागमूस एलिस हयात असेपर्यंत कुठे लागत नाही. तो १८७२ मध्ये वारला, कथा त्यानंतर छापली गेली आणि १९०० मध्ये तिची शिळा भिंतीत बसली. शिळा बसली की वाद मिटतो, हे आपल्यालाही अनोळखी नाही.

खात्रीचा कागद आहे तो ऑगस्ट १८४५ चा. फुटबॉलचे नियम पहिल्यांदा लिहून काढायचं काम रग्बीच्या वरच्या वर्गानं आपल्यातल्या तिघांवर सोपवलं आणि काही दिवसांत ३७ नियम मंजूर झाले. शिक्षकांनी त्यात लुडबुड केली नाही. त्या तिघांतला एक होता दिवंगत हेडमास्तरांचाच मुलगा, विल्यम डेलाफील्ड आर्नल्ड, वय सतरा. तीन वर्षांनी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला, इथल्या गोऱ्या समाजावर ‘ओकफील्ड’ नावाची बोचरी कादंबरी लिहून बसला, पुढे पंजाबच्या शिक्षणखात्याचा प्रमुख झाला आणि १८५९ मध्ये मायदेशी परतताना जिब्राल्टरला वारला.

त्या काळचा चेंडू कसा असे, हेही पाहण्यासारखं आहे. डुकराचं मूत्राशय फुगवायचं आणि त्यावर चामड्याच्या पट्ट्या शिवायच्या. फुगवायचं तोंडानं. शाळेजवळचे चांभार विल्यम गिल्बर्ट आणि रिचर्ड लिंडन बूट शिवता शिवता चेंडूही पुरवत. प्रत्येक मूत्राशयाचा आकार वेगळा, म्हणून प्रत्येक चेंडूही वेगळा. लिंडन यांच्या घरी फुगवण्याचं काम त्यांची बायको करी; नासक्या मूत्राशयांमुळेच तिला फुप्फुसाचा रोग जडला आणि ती गेली, असं सांगतात. पुढे लिंडन यांनी रबराची पिशवी आणि हवा भरायचा हातपंप तयार केला. वेब एलिसच्या नावाचा विश्वचषक आहे. त्या बाईच्या नावाचं काही नाही.

तर अशा शाळेतून कॉटन बंडखोर मार्लबरोत आले. शाळा कर्जात, इमारती उदास, मुलं रानभर. आर्नल्डपंथी माणसाला पहिला उपाय सुचणार तो चॅपलचा आणि वरच्या वर्गाला अधिकार देण्याचा. ते त्यांनी केलंच. ओळखीचे तरुण पदवीधर त्यांनी कमी पगारावर बोलावले आणि कॉटन यांच्या शब्दाखातर ते आलेही. त्यांतला एक थोड्याच काळापुरता टिकला, फ्रेडरिक फरार. जन्म मुंबईचा, १८३१ चा. वडील नाशिकच्या मिशनचे पाद्री. निवासी शाळेत एक सालस मुलगा पायरी पायरीनं कसा बिघडतो, याची ‘एरिक’ नावाची रडकी कादंबरी त्यानं १८५८ मध्ये लिहिली आणि ती भरपूर खपली.

पण पाचशे मुलांच्या फावल्या वेळाचं काय करायचं, हा प्रश्न चॅपलमध्ये सुटणारा नव्हता. जून १८५३ मध्ये कॉटन यांनी पालकांना एक पत्र पाठवलं. सूर असा, की मुलं रानोमाळ भटकतात, त्यातून तक्रारी येतात. मोकळा वेळ त्यांनी शाळेच्या आवारात, क्रिकेट-फुटबॉलसारख्या खेळांत घालवावा. तरुण शिक्षक मुलांबरोबर मैदानात उतरू लागले, आणि हे नवीन होतं. दुपारी जो मास्तर आपल्याबरोबर चिखलात लोळला, त्याच्या खोलीवर रात्री दगड मारणं जड जातं. इतिहासकार जे. ए. मँगन यांनी या शाळांतल्या खेळवेडावर १९८१ मध्ये ग्रंथ लिहिला; त्यात कॉटन यांचं हे पत्र आरंभाच्या खुणांपैकी एक म्हणून येतं. १८५५ मध्ये मार्लबरो आणि रग्बी यांचा क्रिकेट सामना थेट लॉर्ड्सवर झाला. चार वर्षांपूर्वी याच शाळेत दंगा चालला होता.

उपाय लागू पडला, यात शंका नाही. फक्त त्याची किंमतही मोजावी लागली. मॉरिससारख्या मुलाला एव्हबरीपर्यंत जाऊ देणारी दुपार संपली. खेळ मुलांच्या हातून शाळेच्या हाती गेला, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत इंग्लंडभर तो सक्तीचा झाला.

गरजेतून आलेल्या या सोयीला तत्त्वज्ञान चिकटलं ते मागाहून. १८५७ मध्ये थॉमस ह्यूज या रग्बीच्या माजी विद्यार्थ्याची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी आली. तिच्या सुरुवातीला फुटबॉलची धुमश्चक्री आहे, अखेरीला क्रिकेटचा सामना आणि त्यानंतर चॅपलमध्ये आर्नल्ड यांच्या समाधीपाशी गुडघे टेकलेला टॉम. त्या सामन्याच्या वेळी टॉमशी गप्पा मारणारा तरुण शिक्षक कॉटन यांच्यावरून बेतलेला मानतात. वाचणाऱ्यानं गणित मांडलं: मैदान अधिक चॅपल बरोबर आर्नल्ड. फ्रान्सचे कूबेर्तें यांनी ही कादंबरी वाचून रग्बी गाठलं, तेही त्या समाधीशी उभे राहिले, आणि ऑलिंपिकचं पुनरुज्जीवन करताना आर्नल्ड यांना क्रीडाशिक्षणाचे जनक ठरवून मोकळे झाले. खुद्द आर्नल्ड हे ऐकून चकित झाले असते.

कॉटन मात्र कादंबरी आल्यावर फार काळ इंग्लंडात राहिले नाहीत. १८५८ मध्ये ते कलकत्त्याचे बिशप झाले. १८५७ च्या उठावातून गोरे बचावले म्हणून जुलै १८५९ मध्ये आभारप्रार्थना झाली. तिच्या प्रवचनात त्यांनी थंड हवेच्या ठिकाणी शाळा काढण्याची कल्पना मांडली. विलायतेला मुलं धाडणं ज्यांना परवडत नाही अशा युरोपीय आणि अँग्लो-इंडियन घरांसाठी ती होती. ही शाळा १८६३ मध्ये सिमल्याजवळच्या जुतोगला भरली आणि १८६८ मध्ये सध्याच्या जागी गेली. बंगळुरूची शाळा १८६५ ची. सिमल्याची शाळा नव्या जागी गेलेली कॉटन यांनी पाहिली नाही. ६ ऑक्टोबर १८६६ रोजी बंगालमध्ये कुष्टियाला ते बोटीवर चढत असताना फळीवरून पाय घसरला आणि नदीत पडले. देह सापडला नाही.

त्यांच्या सिमल्याच्या शाळेत जालियनवाला बागेचा जनरल डायर शिकला आणि तिथेच लेखक रस्किन बाँडही शिकले. १९४७ मध्ये हॉकीच्या संघातला जिवलग मित्र फाळणीनं कसा हिरावला, ते बाँड यांनी लिहून ठेवलं आहे. एकाच चॅपलमधून आणि एकाच मैदानावरून अशी दोन माणसं निघतात, तेव्हा चारित्र्य घडवण्याच्या दाव्याकडे जरा सावधपणे पाहावं हे बरं.

संस्थानिकांच्या शाळांनी या जोडीतून चॅपल वगळलं आणि मैदान ठेवलं. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात चेस्टर मॅकनॉटन प्राचार्य असताना रणजितसिंहजी क्रिकेट शिकले, आणि १८८५ ते १८८९ या काळात कोल्हापूरचे शाहू महाराजही तिथेच होते. महाराजांची ओढ राहिली ती कुस्तीकडे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचं मात्र वेगळं. तिथे चॅपलही आहे आणि मैदानही. पन्नाशीच्या दशकात झांझिबारहून आलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा तिथे गायकवृंदात गायचा, बॉक्सिंग खेळायचा आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याला खरा सूर कुठे सापडला म्हणावं? तासाला नव्हे, एवढं नक्की.

महाराष्ट्रातली बोर्डिंगं मात्र दुसऱ्याच गरजेतून उभी राहिली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. प्रश्न फावल्या वेळाचा नव्हता, पोटाचा आणि डोक्यावरच्या छपराचा होता. त्यांपैकी जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. तिथे नोकरचाकर नव्हते, स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत सगळं मुलंच करीत. मेट्रन म्हणावी तर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आर्नल्ड यांच्या पगारवाढीशेजारी ही नोंद ठेवून वाचावी.

निवासी शाळांच्या इतिहासात हेडमास्तर, बिशप आणि कप्तान यांची नावं भरपूर मिळतात. स्वयंपाकी, मेट्रन, माळी, मैदानावर चुना टाकणारा, चॅपलची घंटा वाजवणारा यांची मिळत नाहीत. पाचगणी, देवळाली, पुणे, कोल्हापूर, सातारा इथल्या शाळांत आणि बोर्डिंगांत वाढलेले पुष्कळजण हा अंक वाचत असतील. आपल्याला ज्यांनी जेवू घातलं त्यांची नावं आठवत असतील तर ती लिहून शाळेच्या कार्यालयात किंवा स्थानिक ग्रंथालयात द्या, आणि घरातले जुने शालेय वार्षिकांक रद्दीत घालू नका.