विसार, खंडणी आणि तारण

नवी मुंबईतल्या दिघ्यात 'तारण' हा शब्द मला आधी भेटला तो सोन्यावर कर्ज देणाऱ्या दुकानाच्या पाटीवर. त्याच संध्याकाळी तो पुन्हा कानावर आला, डोंगराच्या अंगाला चढत गेलेल्या वस्तीतल्या दहा बाय पंधराच्या खोलीत. सतरंजी, कोपऱ्यात ढोलकी, टेबलफॅन आणि वीसेक माणसं. बायकांच्या डोक्यावर पदर नाहीतर ओढणी. "प्रेझ द लॉर्ड, भाऊ. या, पंख्याकडं बसा," म्हणत एका मावशींनी सरकून जागा दिली. दोन गाणी झाली आणि एका तरुणाने रेक्झिनच्या कव्हरातलं जाड पुस्तक उघडून वाचायला घेतलं. इफिसकरांना लिहिलेलं पौलाचं पत्र. माणसाचं तारण कृपेने होतं, कर्मांनी नाही, असा त्या उताऱ्याचा आशय. माझ्या डोळ्यांसमोर अजून ती पाटी होती. क्षणभर वाटलं, काय गहाण टाकलंय यांनी?

नंतर घरी येऊन मराठी बायबल चाळलं, तेव्हा लक्षात आलं की माझं तसं फार चुकलं नव्हतं. पाप आणि सुटका यांबद्दल बोलताना हे पुस्तक सतत व्यवहाराची भाषा बोलतं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे 'ऋण' सोडण्याची विनंती आहे. येशू आपला प्राण देतो तो 'खंडणी' म्हणून. विश्वास ठेवणाऱ्याला पवित्र आत्मा मिळतो तो 'विसार' म्हणून आणि पुढे मिळायचं ते 'वतन'. देव आणि माणूस यांच्यामध्ये 'मध्यस्थ' आहेच. खंडणी म्हटल्यावर आज नवी मुंबईतल्या माणसाला बिल्डरला आलेला फोन आठवेल. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत असा आहे.

हा दोष मराठी भाषांतरकारांच्या माथी मारता येणार नाही. येशूच्या बोलीत, म्हणजे आरामाईकमध्ये, कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालायचा. 'विसार'साठी पौलाने वापरलेला 'अराबोन' हा शब्द तर सेमिटिक व्यापाऱ्यांबरोबर ग्रीकमध्ये आलेला. १८११ साली श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठी नवा करार छापला. नंतर मुंबईत अमेरिकन मिशनच्या लोकांनी नव्याने भाषांतर केलं. त्यांच्या पंडितांना या कल्पनांसाठी बाजारातले आणि कचेरीतले शब्द हाताशी होते. त्याच्याही दोनशे वर्षं आधी वेगळी वाट चोखाळली होती ती फादर थॉमस स्टीफन्सने. गोव्यातल्या राचोलला १६१६ मध्ये छापलेलं त्याचं 'ख्रिस्तपुराण' ओवीतलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. त्याने स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलं. ऐकणाऱ्याला परकं वाटू नये ही त्याची धडपड. पण ओळखीच्या शब्दाबरोबर ओळखीचा अर्थही आत येतो, आणि 'पाप' या शब्दाचं तर तसंच झालं.

आपल्याकडे पाप एकटं येत नाही, त्याची जोडी पुण्याशी. एक जमेला, एक नावे. वहीची दोन पानं. ख्रिस्ती शिकवणीत दुसरं पानच नाही. तिथे पापाच्या समोर पुण्य उभं नसतं, कृपा उभी असते. पाप म्हणजे केलेल्या वाईट कामांची यादीही नव्हे. ग्रीकमध्ये त्यासाठी असलेल्या 'हामार्तिया' या शब्दामागे नेम चुकण्याची कल्पना आहे. देवाशी असलेलं नातं बिघडलं, माणूस स्वतःभोवतीच फिरू लागला, ही मूळ अवस्था. चोरी, खोटं, व्यभिचार ही त्याची फळं. आणि ही अवस्था आदामापासून सगळ्यांच्या वाट्याला आलेली आहे, असं सांगितलं जातं. मराठी वाचक अडतो तो इथेच. आदामाने फळ खाल्लं, त्यात माझा काय संबंध?

दिघ्यात बसून या प्रश्नाचा विचार करायला एक सोय आहे. २०१५ मध्ये हे नाव राज्यभर पोचलं ते इथल्या ९९ बेकायदा इमारतींमुळे. एमआयडीसीच्या आणि इतर सरकारी जमिनींवर त्या उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाने कारवाईचे आदेश दिले, बुलडोझर आले, माणसं रस्त्यावर बसली. (लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ ९९ मेंढरं रानात ठेवून हरवलेल्या एकाला शोधायला जातो. आकडा तोच निघाला हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहिला.) आता अशा एखाद्या इमारतीत जन्मलेलं मूल डोळ्यांसमोर आणा. जमीन त्याने बळकावली नाही, कागदावर सही त्याची नाही. तरी ते राहतं त्या घराचा पायाच चुकलेला आहे आणि त्याने भिंती कितीही स्वच्छ ठेवल्या तरी पाया दुरुस्त होत नाही. 'मूळ पाप' म्हणतात ते असं काहीतरी. मुलावर गुन्हा दाखल झालेला नाही, पण जन्माला आल्याबरोबर त्याला तीच जागा मिळाली. ही उपमा फार ताणू नये. घरं घेणारे तिथे फसवले गेले होते, आणि त्यांना पापी ठरवण्याचा उद्योग मला करायचा नाही. ख्रिस्ती पंथांतही इथे एकवाक्यता नाही. ऑगस्टीनच्या मागे चाललेल्या पश्चिमेकडच्या चर्चने आदामापासून आलेल्या दोषावर भर दिला. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स परंपरा म्हणते, आपल्या वाट्याला आलं ते मरण आणि दुबळेपण.

बेकायदा बांधकाम दंड भरून नियमित करून घेण्याची वाट सरकार अधूनमधून काढतं. ख्रिस्ती श्रद्धेत दंड भरतो तो दुसराच, आणि तोही माणूस ज्याचं देणं लागतो तोच. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने हे गणित काटेकोर मांडलं. ऋण एवढं मोठं की माणसाला फेडता येणार नाही, आणि फेडायचं तर माणसानेच. म्हणून देव माणूस झाला. पुढच्याच पिढीतल्या आबेलार्दला हा हिशेब पटला नाही. क्रुसावरचं प्रेम पाहून माणूस आतून बदलतो, त्याच्या लेखी तारण ते. मला स्वतःला आबेलार्द जवळचा वाटतो. त्या खोलीतल्या मंडळींना मात्र अन्सेल्मच हवा होता, हे त्यांच्या गाण्यांवरून कळत होतं. ज्याच्या डोक्यावर खरोखरीचं कर्ज आहे, त्याला कुणीतरी फेडून टाकल्याची बातमी हवी असणार.

कृपा म्हणजे काय, हे मराठीत सगळ्यांत स्वच्छ कुणी समजून घेतलं असेल तर पंडिता रमाबाईंनी. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोमुलांना घेऊन तीर्थांमागून तीर्थं करत, पुराणं सांगत हिंडले. जवळचं होतं ते दानात, व्रतांत, उपासात गेलं. पुण्याची बाजू भरत गेली आणि दक्षिणेतल्या दुष्काळात घर उपाशी मेलं. आधी आईवडील गेले, मग थोरली बहीण. पुढे १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनी लंडनमधल्या फुलम इथे, ज्यांना समाज पतिता म्हणे अशा बायकांसाठी घर चालवत. त्या बायकांना तिथे मायेने वागवलं जाताना पाहून रमाबाई चकित झाल्या. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने योहानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली ती विहिरीवरची बाई, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण गोष्ट तिथे संपली नाही. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त अजून सापडायचाय. एवढं प्रामाणिक वाक्य धर्मांतराच्या आत्मकथनांत सहसा वाचायला मिळत नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी टाकल्या गेलेल्या बायकांसाठी जे घर उघडलं, त्याचं नाव कृपासदन.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ते म्हणत, आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकारामाच्या पुलावरून. त्यात अतिशयोक्ती नव्हती. आपली पात्रता नाही, तूच ये, हा सूर वारकऱ्याला शिकवावा लागत नाही. अनुग्रह म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं.

खोलीतला दुसरा उतारा होता मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर घेतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी दिवस मावळायला तासभर राहिला असताना पाचलाही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी. वाचन संपतं न संपतं तोच मागे भिंतीला टेकून बसलेला एक कामगार बोलला. अंगावर कंपनीचाच निळा शर्ट. "पाळकसाहेब, हे मला कधीच पटलं नाही. मी बारा तास भट्टीपुढं, आणि हा एक तास. ठेकेदारानं असं केलं तर आम्ही गेटवर बसू."

खोलीत हसू उमटलं. तो मात्र हसत नव्हता.

मावशी वळून म्हणाल्या, "अरे, पण तो पाचपर्यंत नाक्यावर उभा होता ना? त्याला कुणी नेलंच नाही, त्याला तो काय करणार? पोरं घरी त्याचीबी होती."

"ते खरं मावशी. पण मग उद्या सकाळी लवकर जाणार कोण? सगळे पाचलाच जातील."

हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय, असं पौलाने रोमकरांना लिहिताना स्वतःच विचारून घेतलं आणि मुळीच नाही म्हणून सांगितलं. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उखडला तो माफीपत्रांच्या विक्रीवर, कृपेचा दर ठरवला गेल्यावर. विश्वासानेच तारण, असं तो म्हणाला. कर्मांशिवाय विश्वास मेलेला, हे याकोबाचं पत्र कॅथलिकांनी पुढे केलं. या भांडणात युरोप फाटला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण कृपेनेच होतं आणि सत्कृत्यं ही त्याची फळं, यावर त्यांचं एकमत झालं. म्हणजे ४८२ वर्षं लागली. पण त्या कामगाराच्या शंकेच्या सर्वांत जवळ गेला तो डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाळक. पश्चात्तापाशिवाय वाटलेल्या क्षमेला १९३७ मध्ये त्याने स्वस्त कृपा म्हटलं. फुकट मिळणं वेगळं, स्वस्त असणं वेगळं. हिटलरला विरोध केल्याबद्दल १९४५ मध्ये तो फासावर गेला.

पाळकांनी उत्तर दिलं, पण मला ते थोडं तयार वाटलं. देवाचे विचार आपल्यासारखे नसतात वगैरे. कामगाराने मान हलवली, पटल्याची नव्हे, ऐकल्याची. स्टीलच्या पेल्यांतून चहा आला. मावशींनी त्याला दुसऱ्यांदा चहा ओतला तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या त्या धन्याला आमच्या कंपनीत एचआरला पाठवा."

"येईल की," मावशी म्हणाल्या. "तू आधी घरी जा. झोप."

शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्याने दाराशी काढलेल्या सेफ्टी शूजमध्ये पाय घातले आणि आवाज न करता तो पायऱ्या उतरून गेला. सकाळी सहाची पाळी होती.