स्टीलची भांडी आणि बागेतला विळा

पांढुर्णा-सौंसर भागातल्या घरांतून पितळेची भांडी मागे पडली आणि मांडणीवर स्टील आले. कल्हईचा खर्च वाचला, ताक-कढी कळकण्याची भीती गेली. पण दुकानदार ज्याला नुसते ‘स्टील’ म्हणतो, ते सगळे एक नसते.

लोखंडात क्रोमियम निदान १०.५ टक्के असले, की त्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी हवेतील प्राणवायूने तो पुन्हा भरून येतो. म्हणून गंज चढत नाही. इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद तयार केले. चांगल्या भांड्यांच्या ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. निकेल महाग, म्हणून स्वस्त भांड्यांत त्याची बरीचशी जागा मँगनीज घेते. मँगनीज आपल्याला परके नाही. या पट्ट्यातल्या मँगनीजच्या खडकांना भूगर्भशास्त्रात सौंसरचेच नाव आहे!

स्वस्त स्टील टाकाऊ नव्हे. धान्याला, पिण्याच्या पाण्याला ते चालते. मिठापुढे मात्र ते लवकर हरते आणि बारीक खड्डे पडतात. मीठ फार दिवस राहिले तर ३०४ चेही तेच होते. तेव्हा लोणचे चिनी मातीच्या बरणीतच बरे. लोहचुंबक लावून पारख करू नये. ही दोन्ही स्टीले बहुधा चुंबकाला चिकटत नाहीत. भांडी लोखंडी तारेच्या घासणीने घासू नयेत. तारेचे कण अडकून राहतात आणि तेच गंजतात.

आता बागेकडे. संत्र्याच्या डिंक्या रोगावर बोर्डो मिश्रण करतात: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळी करावीत, लोखंडी भांड्यात नव्हे. फवारण्यापूर्वी घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे, आणि तसेच फवारले तर पाने करपतात. या परीक्षेला घरातली स्टीलची सुरी किंवा चमचा नेऊ नये. त्याच्या पापुद्र्यामुळे तांबे न धरण्याचा संभव असतो आणि बिघडलेले मिश्रणही चांगले वाटते. साधा लोखंडी विळाच घ्यावा. थर दिसला तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालावी, विळा पुन्हा घासून बुडवावा, आणि पाते स्वच्छ निघाले की मिश्रण त्याच दिवशी वापरून टाकावे.