मॅटाडोरमधले बिऱ्हाड

"अहो, बाकी काही नको. मध्येच थांबून मला त्या गाडीत आडवं होता येईल का, तेवढं नीट बघून या."

२०१९ सालच्या ऑक्टोबरमधल्या एका रविवारी बदलापूरच्या घरातून निघताना बायकोने एवढे एकच सांगितले होते. मी बाकी सगळे बघून आलो आणि नेमके तेवढेच विसरलो.

तिच्या मणक्याचे ऑपरेशन २०१४ मध्ये झाले. तेव्हापासून दीड तासाहून जास्त वेळ तिला बसवत नाही. तिचे माहेर देवरुखजवळचे. एस.टी.ने दहा-बारा तासांचा प्रवास तिला अशक्य होता. कोकण रेल्वे आहेच. पण बदलापूरची लोकल, दिव्याचे जिने आणि संगमेश्वरला उतरल्यावर पुढची रिक्षा, हे डॉक्टरांच्या 'जपून' या शब्दात बसणारे नव्हते. ऐंशी ओलांडलेली तिची आई तिकडे आणि ही इकडे, अशी पाच वर्षे फोनवर गेली होती.

मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षे टर्नर होतो. निवृत्तीच्या पैशांतून अडीच लाख रुपये या कामासाठी बाजूला काढले. भाड्याची मोठी गाडी एकदा येईल, दोनदा येईल. पण वाटेत हवे तिथे, हवा तितका वेळ थांबायचे तर गाडी आपलीच हवी. डोक्यात चित्र होते ते फोक्सवॅगनच्या त्या गोल तोंडाच्या दुरंगी गाडीचे. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये वहीत तिचे रेखाटन केले, १९५० मध्ये ती जर्मनीत तयार होऊ लागली आणि लवकरच वेस्टफालिया या कंपनीने तिच्या पोटात बिछाना आणि कपाट बसवून तिचे फिरते घर केले. ब्राझीलमध्ये तर ती २०१३ पर्यंत बनत होती. आज तिकडे त्या गाड्यांना पुराणवस्तूंचे भाव येतात. अडीच लाखांत आमच्या वाट्याला त्या चित्राची चौकटही आली नसती.

पण तिची एक जर्मन भावकी आपल्या अंगणात कधीचीच आहे. मराठीत आपण सर्रास 'टेम्पो' म्हणतो तो शब्द मुळात हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचे नाव. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये उभ्या केलेल्या बजाज टेम्पोने तिची तीनचाकी इथे आणली आणि पुढे मॅटाडोर. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, मॅटाडोर बनणे केव्हाच थांबले. पण शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, रुग्ण, भाजी असे सगळे काही वाहून नेलेली ती गाडी चाळिशीपुढच्या कुणाला ठाऊक नाही?

फिरत्या घराला ती सोयीची पडते याचे एक साधे कारण आहे. तिचे इंजिन पुढची चाके फिरवते. त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा खालून जात नाही आणि मागची जमीन बुटकी, सपाट राहते. पाठ दुखणाऱ्या माणसाला चढण्याची पायरी चार बोटांनी कमी असणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते.

विसार

त्या रविवारी उल्हासनगरमध्ये पाहिलेली मॅटाडोर निळी-पांढरी होती. नवा रंग, खिडक्यांना पडदे, आत दिव्यांची माळ, जमिनीला लाकडी नक्षीचे लिनोलियम. पावणेदोन लाख सांगितले. विकणाऱ्याने चावी फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी खुळावलो. दहा हजारांचा विसार देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथच्या एका जुन्या मिस्त्रीला घेऊन गेलो. हा माणूस शिवमंदिराच्या रस्त्यालगत चाळीस वर्षे डिझेल गाड्या खोलतोय. त्याने रंगाकडे पाहिलेही नाही. प्रथम इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. "साहेब, गरम आहे. आपण यायच्या आधी चालवून ठेवलीय." जुन्या डिझेल गाडीची खरी परीक्षा सकाळी, इंजिन थंड असताना. कुरकुरते किती, धूर कोणता येतो ते तेव्हाच कळते. मग त्याने खिशातले लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या कडेवरून फिरवले. वीतभर जागी ते चिकटेना. तिथे पत्रा नव्हताच. पुट्टी होती आणि पुट्टीवर रंग.

शेवटी त्याने सीटखालच्या पट्टीत अंगठा घातला आणि माझ्यापुढे धरला. अंगठ्यावर राखाडी, बारीक, वाळलेला गाळ होता.

मला तो ओळखायला वेळ लागला नाही. आम्ही बदलापूरकर तो दर चार-दोन पावसाळ्यांनी घरातून खरवडतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तो हाच उल्हास नदीचा पूर. तीन महिन्यांपूर्वी ही गाडीही कुठेतरी त्याच पाण्यात उभी होती. लिनोलियमचा कोपरा उचलला, तर मिस्त्रीचा पेचकस जमिनीच्या पत्र्यातून आरपार गेला.

मी विसार परत मागितला. बरीच बोलाचाली होऊन निम्मा मिळाला. घरी आलो तेव्हा बायको रागावली नाही. तिने विचारले, "पण आडवं होता येत होतं का?" मला सांगता येईना.

पत्रा आणि कागद

त्या पाच हजारांत मिस्त्रीने मला जे शिकवले ते सांगतो. जुन्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते. पंप, नोजल, क्लच, ब्रेक सगळे होते, फक्त पैसा लागतो. न दुरुस्त होणाऱ्या गोष्टी दोन: आतून कुजलेला पत्रा आणि बिघडलेले कागद. आपण नेमके उलटे करतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, रंग बघतो आणि सही करतो.

कागदांचे असे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते; नंतर तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर जे निर्बंध आले ते आपल्याकडे नाहीत, पण गाडी जुनी होईल तसे शुल्क चढते. २०२२ पासून मोटारींच्या नूतनीकरणाला पाच हजार लागू लागले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ते दुप्पट झाले. पिवळ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते, पण ती खासगी करून घेण्याचा खटाटोप वेगळा. म्हणून मुळातली पांढऱ्या पाटीचीच बघावी. चासीवर कोरलेला क्रमांक पेन्सिलीने कागदावर उतरवून पुस्तकाशी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, थकलेले दंड, विमा हे सारे पैसे देण्याआधी. नावबदलाचे २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज विकणाऱ्याच्या सहीने हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: आतली आसने काढून बिछाना करायचा, म्हणजे पुस्तकातल्या नोंदीशी गाडी जुळेनाशी होते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये त्याला आर.टी.ओ.ची मंजुरी लागते. आधी परवानगी, मग सुतार. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर अपघात झाल्यावर ती प्रथम बिछान्याकडेच बोट दाखवील.

डिसेंबरात अंबरनाथमध्येच दुसरी गाडी मिळाली. १९९६ सालची, एका छोट्या कारखानदाराने कुटुंबाला शिर्डीला नेण्यासाठी ठेवलेली. रंग उडालेला, एका दाराला पोचा, टायर गुळगुळीत. दिसायला पहिलीच्या पासंगालाही नाही. पण शेडमध्ये उभी असल्याने जमीन शाबूत होती. लोहचुंबक सगळीकडे चिकटले. मालकाने सकाळी सातला आमच्यासमोर थंड इंजिन चालू केले. चार वेळा कुरकुरले, पांढरा धूर आला, पाच मिनिटांत निवळला. मिस्त्रीने तेलाचे झाकण उघडून बघितले; हवा फारशी फेकत नव्हते.

या वेळी बायको बरोबर होती. तिने पिशवीतून चटई काढली, मधल्या मोकळ्या जागेत अंथरली आणि अनोळखी माणसांसमोर, डोक्यावरचा पदर सारखा करून, सरळ आडवी झाली. कारखानदार आणि मिस्त्री दुसरीकडे बघू लागले. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "घ्या ही."

कुठल्या कुशीवर?

बिछान्याचे काम उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या एका वयस्क सिंधी गृहस्थांकडे दिले. मी मापे सांगू लागलो, तर त्यांनी थांबवले. "दादा, वहिनी कुठल्या कुशीवर झोपतात? उठताना कुठला हात टेकतात?" मी चकित झालो. ते हसले. फाळणीनंतर त्यांचे आईवडील कल्याण कॅम्पात आले तेव्हा लष्कराच्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहत होती. १९४९ मध्ये त्याच कॅम्पाचे उल्हासनगर झाले. "दहा फुटांत सहा माणसं कशी झोपवायची, ते मला शाळेच्या आधी आलं," ते म्हणाले. डावा हात टेकून उठता यावे म्हणून त्यांनी बिछाना उजव्या बाजूला घेतला, दाराजवळ पकडायला दांडी दिली आणि खालच्या पेटीत भांडी, पाणी, चादरींची जागा केली. शेगडी आत लावायला त्यांनी साफ नकार दिला. बंद गाडीत जाळ नको. स्वयंपाक खाली उतरून, झाडाखाली.

हिशेब असा झाला. गाडी ९५ हजार. पत्रा आणि रंग ४८. पंप, नोजल, क्लच, ब्रेक ३७. टायर आणि बॅटरी २९. बिछाना, पेट्या, पडदे २२. कर, विमा, कागद १४. बुडालेला विसार ५. एकूण अडीच लाख. नीट पाहा: गाडीची किंमत एकूण खर्चाच्या चाळीस टक्केही नाही. हातात अडीच लाख असताना पावणेदोन लाखांची गाडी घेणारा, म्हणजे मी, कुठे रस्त्यातच अडकला असता.

२०२० च्या शिमग्याला आम्ही निघालो. पहाटे चारला बदलापूर सोडले. कर्जत, खोपोली, पाली करत वाकणला गोवा रस्त्याला लागलो. दर सव्वा तासाने थांबायचे, वीस मिनिटे तिने पाठ टेकायची, मग पुढे. चालत्या गाडीत झोपायचे नाही, पट्टा लावून बसायचे, हा नियम तिनेच केला. कशेडी घाटात मॅटाडोर दुसऱ्या गिअरवर हत्तीसारखी चढली. मागून येणाऱ्यांनी काय काय म्हटले ते इथे छापण्यासारखे नाही. पोचायला संध्याकाळचे सात वाजले. बायको दांडी धरून स्वतःच्या पायांनी अंगणात उतरली. सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग काठी टेकत गाडीपाशी आल्या, आत डोकावून म्हणाल्या, "सगळं हाय, पन चूल कुठाय?"

आठ दिवस राहून परतलो. त्यानंतर दहा दिवसांत सारा देश बंद झाला. सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. ती भेट शेवटची ठरली.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून आमच्या गल्लीतली तरुण मुले गाडीभोवती घुटमळतात. काका, कितीला पडेल, कुठे मिळेल, कुठला रंग द्यावा, असे विचारतात. मी त्यांना लोहचुंबक दाखवतो, कागदांची फाईल दाखवतो. आणि निघताना सांगतो की, गाडी ज्याच्यासाठी घ्यायची त्या माणसाला बघायला बरोबर न्या, आणि जाताना चटई न्यायला विसरू नका.